शेवटचे सहा सेकंद आणि एक जांभळट पेन

तीन सेकंद राहिले होते आणि पेन माझं होतं. म्हणजे ऑनलाइन लिलावाच्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरात तसं लिहिलेलं होतं, सगळ्यात मोठी बोली तुमची. आकडा होता ६२ डॉलर. मी श्वास धरून टायमरकडे बघतेय, तीन, दोन, आणि पान जरासं हललं, ६२ चे एकदम ८६ झाले, हिरवं गेलं, लाल आलं, लिलाव संपला. मी जास्तीत जास्त ८५ टाकून ठेवले होते. ८६ ला गेलं. एका डॉलरने!

पेन कुठलं ते सांगते, कारण पुढे लागणार आहे. पार्कर ५१. १९४१ साली बाजारात आलेलं हे मॉडेल, निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, नुसतं टोक बाहेर डोकावतं. यात प्लम नावाचा एक रंग आहे, गडद जांभळट, थोडाच काळ बनवला म्हणून जमवणारे लोक त्याच्यामागे हात धुवून लागलेले असतात. आणि त्याचा चुलतभाऊ म्हणावा असा बरगंडी, लालसर, तो मात्र पैशाला पासरी. पिवळ्या दिव्याखाली मोबाइलने फोटो काढला की दोघं अगदी जुळे दिसतात. विकणाऱ्याने वर्णनात लिहिलं होतं फक्त 'जुनं पेन, गडद रंग, आजोबांचं'. मला फोटो झूम करून करून टोपणाच्या कडेशी जांभळी झाक दिसली होती आणि मला वाटलं ही जगात फक्त मलाच दिसलीय.

तर गेलं. पुढचा आठवडाभर मी घरात येता-जाता 'एका डॉलरने गेलं' हे एवढ्या वेळा म्हटलं की नवरा शेवटी वैतागून म्हणाला, "अगं मग ८७ टाकायचे होतेस ना." मी म्हटलं वेळ कुठे होता, तीन सेकंदात काय काय करू. तो म्हणाला, "आधी टाकायचे होतेस." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चिडले, आणि चिडले म्हणून शेवटी बसून हा सगळा प्रकार चालतो कसा ते नीट समजून घेतलं. तेव्हा कळलं की 'एका डॉलरने गेलं' हे मुळातच खोटं होतं.

ईबेसारख्या साइटवर तुम्ही ८५ टाकता तेव्हा ८५ ची बोली लागतच नाही. तुम्ही साइटला गुपचूप तुमची वरची मर्यादा सांगता, आणि साइट तुमच्या वतीने एक मुनीम बसवते. तो मुनीम कंजूष असतो. समोरच्याची बोली ६१ असेल तर तो तुमची ६२ लावतो आणि गप्प बसतो, बाकीचे पैसे खिशात. समोरच्याने ७० केले की हा ७१ करणार, असं करत करत ८५ पर्यंत. त्यापुढे हात वर. आता शेवटच्या तीन सेकंदात जो कोणी आला त्याने ८६च टाकले असतील असं नाही. त्याने १०० टाकले असतील, १५० टाकले असतील, ४०० टाकले असतील, मला कधीच कळणार नाही. त्याच्या मुनिमाने माझ्या ८५ च्या वर एक पायरी टाकली आणि काम झालं. म्हणजे मी ८७ टाकले असते तर ते बहुधा ८८ ला गेलं असतं. मी १२० टाकले असते तर कदाचित १२२.५० ला गेलं असतं (शंभराच्या पुढे पायरी अडीच डॉलरची होते), आणि मी तितक्याच जोरात 'एका पायरीने गेलं' म्हणून ऊर बडवला असता.

हे मला फार उशिरा लक्षात आलं. या पद्धतीत दुसरा आलेला माणूस कायम एका पायरीनेच हरतो. फार तर पायरीपेक्षाही कमीने. आकडाच तसा छापला जातो. त्यामुळे प्रत्येक हरणाऱ्याला वाटतं की हातातोंडाशी आलेला घास गेला, दोन सेकंद मिळाले असते तर, एक डॉलर जास्त असता तर. खरं म्हणजे तो पाचपट मागे असू शकतो.

एक गंमत मात्र आहे, कधी कधी जिंकणाऱ्याचा खरा आकडा उघडा पडतो. माझे ८५ आणि त्याचे ८५.३७ असते तर पूर्ण पायरी चढायला जागाच नाही, मग किंमत ८५.३७ दाखवली असती. असा विचित्र सुट्टा आकडा दिसला की समजायचं, हा त्या माणसाचा तळ होता, इथे मात्र खरंच थोडक्यात गेलंय. मी आता हरल्यावर पहिले सुटे पैसे बघते.

ही 'दुसऱ्याच्या बोलीएवढेच पैसे द्या' वाली कल्पना इंटरनेटची नाही बरं का. विल्यम विक्री नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये त्याच्यावर पेपर लिहिला, की बंद पाकिटात बोली द्यायची, सगळ्यात मोठी बोली जिंकणार पण पैसे दुसऱ्या नंबरच्या आकड्याएवढे द्यायचे, असं केलं तर माणसाने खरी किंमत लिहिण्यातच त्याचा फायदा आहे. आडनाव विक्री आणि विषय लिलाव, मराठी माणसाला हे वाचून हसू येणारच. त्याला १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि जाहीर झाल्यावर तीनच दिवसांत तो गेला. पोस्टाची तिकिटं जमवणारे लोक तर टपालाने होणाऱ्या लिलावात १९व्या शतकाच्या शेवटापासूनच हे करत होते, त्यांना पेपर-बिपर काही लागला नाही.

आता या हिशोबाने शेवटच्या सेकंदाला काही अर्थच उरत नाही. तुम्हाला पेन ११८ ला हवंय ना, मग सोमवारी ११८ टाका आणि आठ दिवस झोपा, मुनीम बघून घेईल. रविवारी रात्री शेवटच्या सेकंदाला ११८ टाकले तरी निकाल तोच. मग लोक वेड्यासारखे घड्याळ लावून का बसतात?

कारण समोरचे लोक विक्रीसाहेबांचा पेपर वाचून येत नाहीत.

समोर कुरतडणारे असतात. हा शब्द माझा आहे पण जात तुम्हाला माहीत असेल. यांना स्वतःची मर्यादा माहीत नसते. ते ४० टाकतात, साइट म्हणते तुमच्यावर कोणीतरी आहे, मग ४२, अजून नाही, मग ४५, ४८, ५०, प्रत्येक वेळी थोडंसं, उंदराने पुडक्याचा कोपरा कुरतडावा तसं, जोपर्यंत त्यांना हिरवं दिसत नाही तोपर्यंत. बोलीचा इतिहास उघडून बघा, एकाच झाकलेल्या नावाच्या ओळीने नऊ बोल्या दोन मिनिटांत दिसतील. हा माणूस तुमची सोमवारची ११८ ची मर्यादा कुरतडत कुरतडत वर नेतो, कारण त्याच्याकडे आठ दिवस आहेत. त्याला पेन ११८ चं वाटत नसतं, त्याला फक्त हरायचं नसतं. अशा माणसाला तुम्ही सहा सेकंद शिल्लक असताना गाठलं तर तो ५० च्या हिरव्या रंगात खुशीत बसलेला असतो, त्याला कळेपर्यंत लाल झालेलं असतं आणि तुम्हाला पेन ५१ ला मिळतं. सगळा शेवटच्या सेकंदाचा खेळ मुख्यतः या लोकांसाठी आहे. जो शहाणा माणूस आपला खरा आकडा आधीच टाकून झोपलाय त्याच्यापुढे तुमचे सेकंद-बिकंद काही चालत नाहीत.

दुसरं कारण गुपिताचं. माझ्या पेनासारखं. मी सोमवारी बोली लावली असती तर बाकीच्यांना कळलं असतं की या गडद पेनात काहीतरी आहे. ज्यांना वस्तूतलं कळतं त्यांनी लवकर हात वर करणं म्हणजे फुकटात शिकवणी. यावर चक्क अभ्यास झालाय. अ‍ॅल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या दोघांनी २००२ साली एक पेपर छापला, त्यात ईबे आणि त्या काळी अ‍ॅमेझॉनची जी लिलावाची साइट होती ती, अशी तुलना केली. (रॉथला पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं, अर्थात वेगळ्या कामासाठी.) ईबेवर उशिरा बोली लावणारे खूपच जास्त सापडले आणि त्यातही कॉम्प्युटरपेक्षा अँटिक वस्तूंमध्ये जास्त. बरोबरच आहे, कॉम्प्युटरची किंमत कोणालाही कळते, जुन्या वस्तूला पारखी नजर लागते.

अ‍ॅमेझॉनवर का नव्हते तेही ऐकण्यासारखं आहे. तिथे नियम असा होता की शेवटच्या १० मिनिटांत कोणी बोली लावली की लिलाव अजून १० मिनिटं पुढे. परत कोणी लावली, परत पुढे. म्हणजे आपल्या 'एक वार, दोन वार' सारखंच, कोणी बोललं की मोजणी परत पहिल्यापासून. शेवटचा सेकंद असा काही नाहीच, मग टपून बसणार कशावर. अशा वाढत्या वेळेच्या साइट्स आजही आहेत, वेबसाइटची नावं जिथे लिलावात निघतात तिथे बहुतेक असंच असतं, त्यामुळे कुठेही टपून बसायच्या आधी हा एक नियम वाचा. मी एकदा न वाचता बसले होते. चाळीस मिनिटं चाललं ते. जाऊ दे.

टपून बसणं हे इंटरनेटचं पाप आहे असं नवऱ्याचं म्हणणं होतं. त्याला मी मेणबत्तीची गोष्ट सांगितली. इंग्लंडात १७व्या शतकात लिलाव मेणबत्तीवर व्हायचे, इंचभर मेणबत्ती पेटवायची, ती विझेपर्यंत बोल्या चालू, विझायच्या आधीची शेवटची बोली ज्याची त्याचा माल. आता मेणबत्ती नक्की कधी विझणार हे कोणाला माहीत, म्हणून सगळे शेवटाला एकदम ओरडायचे. सॅम्युअल पेपिस तेव्हा नौदलाच्या ऑफिसात होता, त्याने सप्टेंबर १६६२ च्या डायरीत लिहून ठेवलंय की जुन्या जहाजांच्या लिलावात एक बेरकी माणूस दर वेळी बरोबर शेवटची बोली लावायचा. याने विचारलं कसं काय बुवा, तर तो म्हणाला, ज्योत विझायच्या क्षणी धूर खाली येतो, तो दिसला की मी बोलतो.

धूर खाली येतो! साडेतीनशे वर्षांपूर्वी एक माणूस बाकी सगळ्यांसारखं ज्योतीकडे बघत नव्हता, धुराकडे बघत होता. मला त्या माणसाचं नाव माहीत नाही पण माझ्या मनात त्याच्याबद्दल फार आदर आहे.

बरं, आता आपला धूर कुठला? पानावरचा टायमर तर अजिबात नाही, हे मी दुसऱ्या पेनाच्या वेळी शिकले.

दुसरं पेन महिनाभराने आलं. परत गडद, परत धूसर फोटो. यावेळी मी प्लॅन केला, एका टॅबमध्ये लिलाव उघडून ठेवला, टॅबच्या नावातच उरलेला वेळ दिसायचा, दुसऱ्या टॅबमध्ये आपलं काम. अधूनमधून वर नजर टाकायची. टॅबवर '२ मिनिटं' दिसलं तेव्हा म्हटलं चला आता तयारीला लागू, टॅबवर क्लिक केलं आणि आकडा धाडकन बदलून ९ सेकंद झाला. नऊ! माझी बोबडीच वळली. कसाबसा आकडा टाकला, बटण दाबलं, तर साइट म्हणते पुन्हा लॉगिन करा, सुरक्षेसाठी. पासवर्ड टाकला. मग मोबाइलवर कोड पाठवलाय म्हणे. मोबाइल चार्जिंगला, स्वयंपाकघरात. मी धावले. परत आले तोवर वरातीमागून घोडं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की यात साइटचीही चूक नव्हती आणि माझं नशीबही फुटकं नव्हतं. टॅब मागे गेला की ब्राउझर बॅटरी वाचवायला त्याचे टायमर मंद करतात, पाचेक मिनिटं मागे पडून राहिलेल्या टॅबला काही ब्राउझर मिनिटातून एकदाच जाग येऊ देतात. म्हणजे वर लिहिलेला वेळ शिळा असतो. पुढे असलेल्या टॅबचंही घड्याळ म्हणजे तुमच्या मशीनने केलेली मोजणी, खरं घड्याळ असतं सर्व्हरवर. पान मधूनमधून रिफ्रेश केलं की दोघांची गाठ पडते, नाहीतर दोघं आपापल्या तालात.

मग मी जरा जास्तच खोलात गेले. बटण दाबल्यापासून बोली सर्व्हरला पोचेपर्यंत किती वेळ जातो? ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर १० हजार किलोमीटर लांब असेल तर नुसतं जायला ५० मिलिसेकंद, जाऊन यायला १००, आणि हे वायर सरळ रेषेत असेल तर, ती नसते. नवीन कनेक्शन जोडायचं असेल तर अशा दोन-तीन फेऱ्या. त्यात घरचं वायफाय, त्यात कोणीतरी व्हिडिओ बघत असणार. शिवाय तुमचा स्वतःचा मेंदू, डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत पाव सेकंद जातोच. हे सगळं मिळून एक सेकंदाच्या आत बसतं, बहुतेक वेळा. घात होतो तो या 'बहुतेक वेळा'ने. शंभरातून एखाद्या वेळी तेच काम चार सेकंद घेतं आणि ती वेळ नेमकी तुमची असते.

आणि बोली एका क्लिकची नसते हे लोक विसरतात. आधी आकडा टाकायचा, मग साइट विचारते नक्की का, मग दुसरं बटण. म्हणून हाताने मारायची असेल तर दोन खिडक्या शेजारीशेजारी, दोन्ही समोर, मागे नाही. एकीत वेळ बघायचा आणि रिफ्रेश करायचा, दुसरीत आकडा टाकून 'नक्की का' पर्यंत पाच मिनिटं आधीच येऊन थांबायचं, फक्त शेवटचं बटण बाकी. लॉगिन तासभर आधी नव्याने करायचं. मोबाइल मांडीवर. हे मी आता डोळे मिटून करू शकते.

किती सेकंदाला? यावर लोक भांडतात. दोन सेकंद म्हणणारे शूर आहेत. माझं मत सहा. तुम्ही कुरतडणाऱ्याला हरवायला बसलाय, आणि त्याला लाल रंग दिसणार, मग तो विचार करणार, आकडा टाइप करणार, बटण, परत बटण. सहा सेकंदात हे जमणारा माणूस विरळा. सहाचे दोन केले तर जास्तीचा फायदा जवळजवळ शून्य आणि नेट अडकलं तर सगळंच गेलं. दुसरा कोणी टपलेला असेल तर त्याला तुम्ही सहाला मारलं की एकाला याने काडीचा फरक पडत नाही, दोघांचे मुनीम समोरासमोर येणार आणि ज्याचा आकडा मोठा तो जिंकणार. इथे उशिरा येणाऱ्याला एक तोटाच आहे उलट, दोघांचा आकडा सारखा निघाला तर जो आधी आला त्याला मिळतं. म्हणून आकडा कधीच गोल टाकायचा नाही. १०० टाकणारे शंभर जण असतात. १०१ टाकणारेही हुशार समजतात स्वतःला. मी १०३.३७ वगैरे टाकते, सदतीस का ते विचारू नका, लग्नाआधीच्या घराचा नंबर आहे.

हे सगळं करून देणारे प्रोग्रामही आहेत, अगदी १९९९-२००० पासून, काही तुमच्या कॉम्प्युटरवर चालतात आणि काही त्यांच्या सर्व्हरवर. सर्व्हरवाल्यांचा फायदा असा की तुमची लाइट गेली, नेट गेलं, तुम्ही झोपलात, तरी बोली जाते. तोटा असा की तुमच्या खात्याची किल्ली परक्याच्या हातात. मी त्यासाठी वेगळा पासवर्ड ठेवलाय, जो दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही, आणि त्या खात्याला कार्ड जोडून ठेवलेलं नाही. एवढं केल्यावर मला बरं वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर हाताने मारा.

नवऱ्याचा मूळ मुद्दा मात्र राहिलाच होता, की ही चीटिंग आहे. तो म्हणतो, माणूस आठ दिवस वर असतो आणि तू शेवटच्या क्षणी मागून येऊन टपली मारतेस. मी म्हटलं, अरे त्याला हवं असतं तर त्याने खरा आकडा टाकून ठेवला असता, त्याने स्वतःच स्वतःला ५० ला थांबवलं होतं. तो म्हणाला, त्याला वाटलं असतं तर ६० दिले असते. मी म्हटलं, मग ६० टाकायचे होते आधी. हे बोलून झाल्यावर मला आठवलं की हेच वाक्य त्याने मला ऐकवलं होतं आणि मी चिडले होते. तो हसला नाही, पण चहा घ्यायला उठला तेव्हा त्याची पाठ हसत होती. असो. शेवटच्या क्षणी बोली लावणं ईबेच्या नियमात बसतं. आणि उलटी बाजूही आहे, काही विकणारे स्वतःच्याच मित्राकडून खोट्या बोल्या लावून तुमच्या मर्यादेपर्यंत भाव चढवतात, नियमात न बसणारा प्रकार तो आहे. तुमचा आकडा शेवटच्या सहा सेकंदापर्यंत तुमच्याच खिशात असेल तर त्या मित्राला चढायला शिडीच मिळत नाही.

पण मला स्वतःला याचा सगळ्यात मोठा उपयोग वेगळाच झाला. टपून बसल्याने मी समोरच्यांना नाही, मला स्वतःला अडवलं. मी मुळात कुरतडणारी आहे. लाल दिसलं की माझा हात शिवशिवतो. पहिल्या पेनाच्या वेळी ८५ हा माझा चौथा आकडा होता, सुरुवात ५० पासून केली होती, हे मी वर सांगितलं नाही. आता मी लिलाव दिसल्या दिवशीच आकडा ठरवते, लाल-हिरवं काही नसताना. पद्धत एकच, मनात म्हणायचं की हे पेन कोणीतरी ७० ला नेलं, वाईट वाटलं? हो. ९० ला? हो, थोडं. ११८ ला? नाही, ११८ देणाऱ्याला लखलाभ. झाला आकडा. कागदावर लिहायचा, प्रोग्राममध्ये टाकायचा, सहा सेकंद सेट करायचे आणि त्या पानावर परत जायचं नाही. न जाणं सगळ्यात अवघड आहे. मी दोनदा गेलेय. एकदा आकडा वाढवलाय पण, कबूल करते.

तिसरं पेन यंदा पावसाळ्यात आलं. परत आजोबांचंच होतं कोणाच्या तरी, परत पिवळा दिवा, आणि टोपणाच्या कडेला तीच जांभळी झाक. माझ्या वेळेनुसार लिलाव पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी संपत होता. ११८.३७ टाकले आणि खरंच झोपले. सकाळी उठून फोन बघितला तर हिरवं. ७१ डॉलर! इतिहास उघडला, माझ्याशिवाय चार जण होते, एक कुरतडणारा ४५ पासून ७० पर्यंत आठ पायऱ्या चढून आला होता आणि तिथेच बसला होता, आणि बरोबर सहा सेकंद राहिले असताना मी. अगदी वर्गात पाटीवर लिहून दाखवावं असं उदाहरण. मी नवऱ्याला उठवून दाखवलं. त्याने एक डोळा उघडून "बरं" म्हटलं.

पार्सल यायला तीन आठवडे लागले. उघडलं, कागद सोडवला, पेन घेऊन खिडकीपाशी गेले. उन्हात धरलं. फिरवलं. परत आत आले, दिवा लावला, परत खिडकीत गेले.

"लाल आहे गं हे," नवरा मागून म्हणाला.

बरगंडी. शंभर टक्के बरगंडी, पैशाला पासरीवाला. जी झाक मला एकटीला दिसली होती ती फक्त फोटोत होती. म्हणजे आठ दिवस मी जे गुपित जिवापाड सांभाळलं, कोणाला सुगावा लागू नये म्हणून शेवटच्या सहा सेकंदापर्यंत थांबले, ते गुपित नव्हतंच, बाकीच्या चार जणांना नुसतं लाल पेन दिसत होतं आणि ते लाल पेनाचा भाव देत होते. १९७१ साली तीन तेल कंपनीवाल्या इंजिनिअरांनी समुद्रातल्या तेलाच्या लिलावांबद्दल लिहिलं होतं की जो जिंकतो तो बहुतेक वेळा सगळ्यात जास्त चुकीचा अंदाज करणारा असतो, म्हणूनच तर जिंकतो. ते वाचलं तेव्हा मी मान डोलावली होती.

परत पाठवायचं म्हटलं तर टपालखर्च पेनाला भारी, आणि विकणाऱ्याने प्लम म्हटलंच कुठे होतं. मग काय, धुतलं. टोपण काढून मागचा भाग उघडला की आतल्या धातूच्या नळीवर कोरलेलं आहे, भरायला पट्टी ६ वेळा घट्ट दाबा. मी मोजून सहा वेळा दाबली. लिहितं मात्र काय सुंदर, लोण्यासारखं सरकतं कागदावर. शाई मी जांभळी भरलीय.